आय७ घेतला म्हणजे व्हिडिओ अडखळायचा थांबेल का?

देवरूखहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. दोघे भाऊ लग्नांचं शूटिंग करतात. दोन्ही कॅमेऱ्यांवर फोर-के, एच.२६५, १० बिट ४:२:२ (व्हिडिओ दाबून साठवण्याचा आणि त्यात रंगाची माहिती ठेवण्याचा प्रकार) असं रेकॉर्डिंग होतं आणि एडिटिंग प्रीमिअर या सॉफ्टवेअरवर चालतं. सध्याच्या मशीनमध्ये आय५-८४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६५० हे चार जीबीचं ग्राफिक कार्ड आहे. टाइमलाइनवर क्लिप टाकली की चित्र अडखळतं आणि आवाज पुढे निघून जातो. बजेट नव्वद हजार, मॉनिटर आहे तोच ठेवायचा. एका दुकानातून कोटेशन आलंय: आय७-१४७००एफ, एच६१० मदरबोर्ड, १६ जीबीची एकच रॅम स्टिक, आरटीएक्स ३०५० कार्ड, एक टीबी एसएसडी आणि ‘कॅबिनेट विथ ४५० वॅट एसएमपीएस’ (एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा). घ्यावं का?

असं घेऊ नका. यात दुकानदाराने फसवलंय असं मला वाटत नाही. येणारं दर दुसरं गिऱ्हाईक ‘आय७ द्या, ग्राफिक कार्ड द्या’ एवढंच सांगतं आणि तो तेच देतो. मी कोल्हापुरात बावीस वर्षं मशीन जोडतोय, त्यामुळे या कोटेशनची चाल मला पाठ आहे. जे नाव गिऱ्हाइकाला ठाऊक असतं त्यावर पैसा जातो, आणि जे कोणी विचारत नाही तिथे काटछाट होते. तुमचं काम नेमकं कुठे अडतंय हे मात्र कोणी बघितलेलंच नाही.

ते आज रात्री तुम्हीच बघा. नेहमीचं प्रोजेक्ट उघडा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सवर जा. डावीकडे सीपीयू (प्रोसेसर), मेमरी, डिस्क, जीपीयू (ग्राफिक) अशी रांग दिसेल. टाइमलाइन चालू करा आणि एकेकाकडे बघत जा. जीपीयूवर क्लिक केलं की त्यात छोटे आलेख येतात, त्यातल्या एकावर ‘व्हिडिओ डिकोड’ लिहिलेलं असतं. तुमच्याकडे काय दिसेल ते मी इथे बसून सांगतो: सीपीयू शंभराला टेकलेला, डिस्क जवळजवळ मोकळी, आणि व्हिडिओ डिकोडची रेघ तळाला सपाट.

कारण असं आहे. एच.२६५ म्हणजे गच्च दाबून भरलेली गादी. दाखवण्याआधी प्रत्येक फ्रेम उलगडावी लागते, यालाच डिकोड म्हणतात. त्यासाठी ग्राफिकच्या चिपमध्ये वेगळं सर्किट असतं, पण ते कुठली फाइल उलगडू शकतं हे कारखान्यातच ठरलेलं असतं. मोबाइलच्या, ड्रोनच्या ४:२:० फाइली सगळ्यांना जमतात. ४:२:२ मध्ये रंगाची माहिती त्याच्या दुप्पट असते, आणि तिथे बरीच कार्डं हात वर करतात. तुमच्या १६५० ला हे जमत नाही. कोटेशनमधल्या ३०५० लाही नाही, आणि त्याहून महाग ४०६० लाही नाही. एनव्हिडियाने ही सोय २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून दिली. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या ग्राफिकमध्ये ती ११व्या पिढीपासून आहे, तुमच्या आठव्या पिढीत नाही. म्हणून सगळा भार सीपीयूच्या कोअरवर, म्हणजे त्यातल्या हिशोब करणाऱ्या भागांवर पडतो.

आता कोटेशनमधल्या १४७००एफ चं शेवटचं अक्षर बघा. एफ म्हणजे आतलं ग्राफिक बंद करून विकलेला प्रोसेसर. थोडे पैसे वाचतात, आणि तुम्हाला हवं होतं ते सर्किट त्यातच जातं. म्हणजे नव्वद हजार खर्चून उलगडायचं काम पुन्हा कोअरवरच. कोअर जास्त आहेत म्हणून सुधारणा नक्की दिसेल, पण दोन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम (दोन्हींच्या क्लिप एकाच वेळी चालवणं) लावलं की तीच रड पुन्हा सुरू होईल.

माझी निवड आय५-१४५००, पुढे कुठलंही अक्षर नसलेला. १४४०० का नाही? त्यातल्या यूएचडी ७३० ग्राफिकमध्ये व्हिडिओचं इंजिन एक आहे, १४५०० च्या यूएचडी ७७० मध्ये दोन आहेत. तुमचे कॅमेरे दोन, एकाच वेळी दोन धारा उलगडायच्या, तेव्हा हा फरक तुमच्या कामाचा आहे. एकट्या कॅमेऱ्यावर काम करणाऱ्याला मी १४४०० च देतो.

एक गोष्ट जोडणाऱ्याकडून राहून जाते. वेगळं ग्राफिक कार्ड लावलं की बरेचसे बोर्ड प्रोसेसरमधलं ग्राफिक आपोआप बंद करतात. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ हा पर्याय चालू करावा लागतो. मग टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू शून्य आणि जीपीयू एक असे दोन दिसतात. प्रीमिअरच्या प्रेफरन्समध्ये मीडियाखाली हार्डवेअर डिकोडिंगमध्ये इंटेलवर टिक आहे का तेही बघा. या दोन जागा राहिल्या तर योग्य प्रोसेसर घेऊनही तुम्ही तिथेच राहाल.

एएमडी कंपनीचा रायझन प्रोसेसर का सुचवत नाही, हा प्रश्न येणारच. एएमडीचं एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) पुढेही चालणार आहे, आणि इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट १४व्या पिढीबरोबर संपलं. पुढे फक्त प्रोसेसर बदलायची सोय हवी असेल तर रायझन सरस आहे, आणि गेम खेळणाऱ्या पोरांना मी तोच देतो. पण रायझनच्या आतल्या ग्राफिकला तुमची ४:२:२ फाइल उलगडता येत नाही. तुमच्या कामात हा एकच मुद्दा बाकी सगळ्यावर भारी पडतो. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेत हे सर्किट आहे, पण त्याला बोर्ड नवा आणि रॅम फक्त डीडीआर५ या नव्या प्रकारची लागते. त्यातली रॅमच सध्या अडचणीची आहे.

रॅमचे भाव २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत भडकले. एआयच्या डेटा सेंटरांकडून मागणी आली आणि मेमरीच्या कारखान्यांनी आपलं उत्पादन तिकडे वळवलं, त्याची झळ देवरूखपर्यंत पोचली आहे. म्हणून मी इथे एकाही वस्तूचा भाव लिहीत नाही, आणि तुमचं कोटेशन आठवडाभर जुनं असेल तर ते पुन्हा काढून घ्या. तुमच्या बाबतीत एक वाट मात्र आहे. जुन्या मशीनमधली रॅम डीडीआर४ आहे, आणि बी७६० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत निघाले आहेत. दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात, एक दुसऱ्यात बसत नाही, त्यामुळे बोर्डाच्या खोक्यावर डीडीआर४ लिहिलंय हे डोळ्यांनी बघून घ्या. चार स्लॉटचा डीडीआर४ बोर्ड घेतला आणि तुमच्याकडे आठ-आठच्या दोन स्टिक असतील, तर तशाच आणखी दोन घेऊन ३२ जीबी होतात. सगळ्या स्टिक त्यातल्या हळू स्टिकच्या वेगाने चालतील, पण तुमच्या कामात तो फरक जाणवत नाही. सोळाची एकच स्टिक असेल तर अजून एक सोळाची घ्या, आणि दोन्ही प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. एकटी स्टिक लावणं म्हणजे दोन पदरी रस्त्याचा एक पदर बंद ठेवणं. कोटेशनमध्ये तेच केलंय.

बोर्ड बी७६० च घ्या, एच६१० नको. एच६१० खराब नसतो, शाळेच्या लॅबला मी तो आनंदाने देतो. पण त्यावर दोनच रॅम स्लॉट असतात, आणि प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग बहुतेक वेळा उघडा, हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) नसलेला असतो. १४७००एफ पूर्ण जोरात २१९ वॅटपर्यंत जातो. एक्सपोर्ट लावल्यावर दहा मिनिटांत बोर्डाचा तो भाग तापतो आणि प्रोसेसर आपला वेग उतरवून बसतो, म्हणजे आय७ चे पैसे देऊन आय५ चं काम. १४५०० ची कमाल १५४ वॅट आहे, हीटसिंकवाला साधा बी७६० ती आरामात पेलतो. सोबत येणारा पंखा मात्र कोकणातल्या मे महिन्यात ओरडेल, म्हणून साधा टॉवर कूलर लावा. शिवाय १३व्या-१४व्या पिढीतल्या काही प्रोसेसरांना जादा व्होल्टेजमुळे झिजण्याचा दोष होता आणि इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) सुधार बायोसमधून दिले. तेव्हा विंडोज टाकण्याआधी बायोस नवं करून घ्या, मशीन कुठलंही असो.

माझा जोडणीचा क्रम असा असतो: जे नंतर बदलायला अख्खं मशीन उसकटावं लागतं ते आधी चांगलं घ्यायचं, आणि जे एका स्क्रूने निघतं ते शेवटी. एसएमपीएस, बोर्ड, कॅबिनेट हे पहिल्या गटात. ग्राफिक कार्ड, जादा एसएसडी, जादा रॅम दुसऱ्या गटात. तुमचं कोटेशन बरोबर उलटं आहे.

एसएमपीएसबद्दल जरा बैजवार सांगतो, कारण माझ्या टेबलावर येणाऱ्या मेलेल्या मशीनची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच झालेली असते. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसचं लेबल वाचा. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट छापलेलं असेल. खाली एक तक्ता असतो, त्यात ‘+१२ व्ही’ या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघं याच १२ व्होल्टवर जगतात, बाकीच्या रकान्यांचा आज फारसा उपयोग नाही. तिथे १६ अँपिअर असतील तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. एवढीच त्याची कामाची ताकद. चांगल्या कंपनीच्या ६५० वॅटवर तिथे ५४ अँपिअर लिहिलेले असतात, गुणाकार ६४८ येतो. मागे ११५ आणि २३० असं लाल बटण असेल तर त्यात पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट नाही, एवढं समजून खाली ठेवा. ८० प्लस या प्रमाणपत्राचं ब्राँझ, गोल्ड हे फक्त किती वीज उष्णतेत वाया जाते ते सांगतं. आत संरक्षण किती आहे ते त्यावरून कळत नाही, म्हणून मी निदान पाच वर्षांची वॉरंटी असलेलाच घेतो.

तुमचा हिशोब करू. प्रोसेसर १५४, पुढेमागे आरटीएक्स ५०६० लावलंत तर १४५, बाकी बोर्ड, डिस्क, पंखे मिळून साठ धरा. साडेतीनशेच्या थोडं वर. ६५० वॅटचा एसएमपीएस अर्ध्याच्या आसपास चालेल, थंड राहील आणि टिकेल. यूपीएसचं गणित वेगळं असतं. ६०० व्हीएचा (व्हीए हे यूपीएसच्या क्षमतेचं माप) छोटा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, त्यावर मॉनिटर धरून हे मशीन लावलं तर लाइट गेल्या क्षणी यूपीएसही बसेल. १००० किंवा ११०० व्हीएचा घ्या. त्याने काम चालू ठेवायचं नाही, प्रोजेक्ट सेव्ह करून मशीन नीट बंद करायचं, एवढ्यासाठीच तो आहे.

आणि अर्थिंग. कोकणातून येणाऱ्या मशीनबद्दल मी हा प्रश्न आधी विचारतो. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात का? अनवाणी असताना जास्त येतात का? येत असतील तर मशीन बिघडलेलं नाही, अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात. त्यांनी गोळा केलेला विजेचा गोंगाट अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जायला हवा. ती वाट नसेल तर कॅबिनेट शंभर-सव्वाशे व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. करंट अगदी कमी असल्याने माणसाला फक्त झिणझिण्या येतात, पण कॅमेऱ्याची किंवा हार्ड डिस्कची यूएसबी वायर लावताना तोच करंट पोर्टमधून जातो. एका फोटोग्राफरचे पुढचे दोन्ही यूएसबी पोर्ट असे गेलेले मी बघितलेत.

वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. सॉकेटवर फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास हवं, फेज ते अर्थही तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तुमच्याकडे जांभा दगड आहे, तो वीज सहज मुरू देत नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये सुकला की आणखीच अडवतो. पावसाळ्यात मोजून चांगलं आलेलं अर्थिंग उन्हाळ्यात परत मोजा. खड्डा खोल घ्या, कोळसा-मीठ भरा आणि उन्हाळ्यात पाणी घालत राहा. हा खर्च नव्वद हजारांच्या आत धरा, बाहेर नको. महाग प्रोसेसरपेक्षा मी तुम्हाला हेच आधी करायला सांगेन.

डिस्कबद्दल लोक वेगाच्या आकड्यांना भुलतात. तुमचा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहीत असेल तर ते साडेबारा मेगाबाइट झाले, तासाला ४५ जीबी. साधी हार्ड डिस्कसुद्धा याच्या दहापट वेगाने सलग वाचते. म्हणून तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क मोकळी दिसते, आणि म्हणून सात हजार मेगाबाइटच्या एसएसडीने तुमचं अडखळणं थांबणार नाही. कॉपी करताना मात्र डिस्क मोठा फरक पाडते. दोन कॅमेरे, सहा तासांचं शूटिंग, म्हणजे ५४० जीबी. क्यूएलसी या स्वस्त प्रकारच्या मेमरीची एसएसडी सुरुवातीला धावते, तिचा राखीव वेगवान भाग भरला की हार्ड डिस्कच्याही खाली येते. टीएलसी प्रकारची मेमरी असलेली एक टीबीची घ्या, चालू लग्न तिच्यावर ठेवा. काम झालं की दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर दोन प्रती काढा. नवरा-नवरीला तो दिवस पुन्हा देता येत नाही, आणि एकाच डिस्कवर ठेवलेली लग्नं गेल्यावर स्टुडिओवाल्याचा चेहरा कसा होतो ते मी माझ्या टेबलासमोर पाहिलंय. बजेट ताणावं लागलं तर या दुसऱ्या डिस्कसाठी ताणा.

कार्ड रीडर कुठल्या पोर्टला लावता तेही बघा. यूएसबी २ च्या काळ्या पोर्टवर सेकंदाला पस्तीस मेगाबाइटच्या आसपास मिळतात, म्हणजे हे ५४० जीबी उतरायला चार तासांहून जास्त. तोच रीडर मागच्या यूएसबी ३ पोर्टला लावला आणि कार्ड साधं नव्वदच्या वेगाचं असलं तरी पावणेदोन तासांच्या आत काम होतं.

कॅबिनेटला पुढे जाळी हवी. पुढची काच दिसायला छान, पण हवा कुठून घेणार? दोन पंखे आत ओढणारे, एक मागून बाहेर टाकणारा, पुढे धुळीची गाळणी, बास. मागच्या बाजूच्या स्लॉटच्या पट्ट्या सगळ्या जागेवर हव्यात. जुनं कार्ड काढल्यावर उघडं राहिलेलं एक भोक पालीला पुरतं. गेल्या पावसाळ्यात आलेल्या मशीनमध्ये एसएमपीएस उघडल्यावर पाल आतल्या सर्किटच्या धातूच्या दोन पायांमध्ये आडवी चिकटून काळी पडलेली होती आणि फ्यूज उडालेला. आत ऊब असते, म्हणून त्या येतात. तेव्हा पट्टी हरवली असेल तर जाळी कापून बसवा, पण भोक ठेवू नका.

राहिलं ग्राफिक कार्ड. माझा सल्ला असा की पहिला महिना जुनं १६५० च नव्या मशीनला लावा. फाइल उलगडायचं काम प्रोसेसरमधलं ग्राफिक करेल, रंग आणि इफेक्ट १६५० करेल. मग पुन्हा टास्क मॅनेजर उघडून कार्डाची मेमरी बघा. फोर-केवर चार जीबी भरलेली दिसतील आणि ग्रेडिंग (रंगांची दुरुस्ती) लावलेल्या जागी चित्र तुटेल, तर आरटीएक्स ५०६० घ्या, आणि जमलं तर ५०६० टीआय १६ जीबीचं. तुटत नसेल तर ते पैसे दुसऱ्या लेन्सला लावा. ५० मालिकेचं कार्ड ४:२:२ उलगडतं, मग एफचा प्रोसेसर का नको, असं कोणी विचारेल. कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं की दोन-तीन आठवडे जातात. तेवढे दिवस स्क्रीनच येणार नाही, आणि तुमच्या तारखा मे महिन्यातल्या असतात.

बिल जीएसटीचंच घ्या, त्यावर प्रत्येक वस्तूचा सिरिअल नंबर लिहून घ्या, वॉरंटी प्रत्येकाची वेगळी असते. बोर्ड तुमच्यासमोर उघडायला सांगा. प्रोसेसर बसवण्याआधी सॉकेटवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. १७०० पिना एकसारख्या चमकल्या पाहिजेत. एखाद्या ठिकाणी चमक तुटली तर तिथली पिन वाकलीय, आणि वाकलेल्या पिनेला वॉरंटी मिळत नाही. मशीन जोडून झालं की पेन ड्राइव्हवर न्यायचं स्वतःचं एक जुनं लग्न, मल्टिकॅम असलेलं. दुकानात प्रीमिअर नसेल तर त्याची ट्रायल टाकायला सांगा. टाइमलाइन चालवा आणि इंटेलच्या जीपीयूवरची व्हिडिओ डिकोडची रेघ वर चढलेली दिसतेय का ते बघा. ती चढली की मग बाकीचे पैसे द्या.